तेहतीस इंच

अमरावती
१२ नोव्हेंबर १९६१

चि. सिंधू,

आशीर्वाद लिहावा की न लिहावा यात अख्खी सकाळ गेली. लिहिला असं धर.

तीन वर्षं पाच महिने या घरातून तुला पत्र गेलेलं नाही. तुझी दोन कार्डं आली. एक तुझ्या यजमानांची पोस्टातली नोकरी कायम झाली त्याचं, दुसरं ऑगस्टातलं, मुलगी झाली त्याचं. दुसरं तुझ्या आईने देवाच्या फळीवर ठेवलं आहे. मी ते तिथून काढलेलं नाही, एवढं कळवतो.

पत्राचं कारण असं, की आम्ही दोघं अकोल्याला येणार आहोत. तुझ्या आईला नात बघायची आहे. रजिस्टर लग्न करून तू डोमाजींच्या घरी गेलीस त्या दिवशी मी म्हणालो होतो, की त्या घरचं पाणी मी पिणार नाही आणि या घरातलं कुणी पिणार नाही. चार माणसांदेखत बोललो. बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही, हे तू परकर नेसत होतीस तेव्हापासून तुला ठाऊक आहे. आणि तुझी आई त्या कार्डाकडे बघत बसते, तेही मला बघवत नाही. तेव्हा शब्द राहावा आणि भेटही व्हावी, असा मार्ग मी काढला आहे.

पुलगावच्या लिलावात लष्कराचा एक जुना ट्रेलर घेतला. दोन चाकांचा, जीपमागे जोडायचा. रद्दीवाल्याकडे मला एक अमेरिकन मासिक सापडलं होतं, त्यात नकाशासकट सगळी कृती दिली आहे. बाजूने बघितलं तर पाण्याच्या थेंबासारखा आकार. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर : ओटा, स्टोव्हची जागा, खण, मांडणी, पाण्याची टाकी. तिकडचे लोक अशा गाड्या घेऊन तळ्याकाठी सुट्टी घालवतात. आपण अकोल्याला येऊ. तुमच्या दारासमोर गाडी लावू, आमचं आम्ही रांधू, आमचं पाणी आमच्या टाकीत असेल. तुमच्यावर भार नाही. तू मुलीला घेऊन बाहेर यायचं.

ओढायला दर्यापूरचे खुशालराव त्यांची जीप देतो म्हणाले आहेत. सांगाडा उभा आहे, वरचा पत्राही झाला. आता मागचं स्वयंपाकघर तेवढं राहिलं. तीस वर्षं हायस्कुलात लोकांच्या पोरांना रंधा धरायला शिकवला; हे काम मला जड नाही. संक्रांतीला तुमच्याकडे असू.

चिंतामण


अमरावती
१४ जानेवारी १९६२

चि. सिंधू,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच ओळी : 'नाना, रेल्वेने या. बडनेऱ्याहून अडीच तास लागतात.' रेल्वे किती वेळ घेते हे मला माहीत आहे. माझ्या जन्माआधीपासून ती धावते आहे. वेळाचा प्रश्नच नाही.

संक्रांत आज आहे आणि गाडी झालेली नाही. कारण सांगतो. मासिकात ओट्याची उंची छत्तीस इंच दिली आहे. मी फळ्या कापायला घेतल्या आणि लक्षात आलं, की तुझी आई उभी राहिली तर तिच्या कोपरालाच छत्तीस इंच येत नाहीत. आपल्याकडे बायका बसून स्वयंपाक करतात. उभ्याने रांधणारी बाई कोणत्या उंचीला रांधते, हे मला कोण सांगणार? म्हणून तिला स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभं केलं, हातात लाटणं दिलं आणि पोळी लाटतेस तसा हात धर म्हणालो. ती हसायला लागली. म्हणाली, 'उभ्यानं कुठं स्वयंपाक होत असतो का? हाटेलात होतो.' मी म्हटलं, हलू नकोस. हाताच्या खाली भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. तेहतीस इंच.

चौतीस वर्षांच्या संसारात मी तिचं कसलंही माप घेतलं नव्हतं. चोळीचं शिंपी घेतो, बांगडीचं कासार घेतो.

तर सगळा नकाशा तीन इंचांनी खाली आणावा लागला. ओटा खाली आला की खालचे खण लहान होतात, स्टोव्ह बसत नाही. पुठ्ठ्याचे साचे पुन्हा कापले. मदतीला शालिकराम मिस्तरी येतो. तुला आठवत असेल, तुझी शाळेची पेटी त्याने केली होती. खणांची लाकडं मी एकमेकांत इतकी घट्ट बसवतो आहे की मध्ये कागद जाणार नाही. शालिकराम म्हणाला, 'मास्तर, जागा सोडा. पान्याच्या दिवसात लाकूड फुगते.' मी त्याला म्हटलं, तीस वर्षं हेच शिकवलं आहे.

तुझी आई मजेत आहे. सोमवारी शेजारच्या गोदाबाईंबरोबर कोंडेश्वराला जाते. सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. गेल्या सोमवारी येताना जवसाची चटणी घेऊन आली, गोदाबाईंच्या बहिणीकडची म्हणाली. मी तीन दिवस तीच खाल्ली. तुझ्या आईच्या हाताला ती चव कधी आली नाही, आणि मी तसं तिला सांगितलं. तिला राग आला नाही.

चिंतामण


अमरावती
१८ मार्च १९६२

चि. सिंधू,

काम पुढे गेलं आणि मागे आलं.

सहा खण झाले, वरची मांडणी झाली. मांडणी करणं हे दिसतं तसं नाही, कारण गाडीची पाठ गोल आहे. प्रत्येक फळी वेगळ्या रुंदीची, वरची वितभर, खालची हातभर. मसाल्याच्या डब्याला खाच केली. परात उभी ठेवायला फट केली. टाकी जस्ताची, पाणी भरून दोन दिवस ठेवली, एक थेंब गळत नाही. मी तुझ्या आईला बोलावलं आणि झाकण उचलून दाखवलं. ती ओट्याशी उभी राहिली. हात बरोबर ओट्यावर टेकले. मला वाटलं आता काही बोलेल.

तिने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. समोरून सायकली चालल्या होत्या, पानवाला बघत होता. म्हणाली, 'अहो, हे तर उघड्यावर आहे. तिथं आख्खी वस्ती येऊन बघीन मी काय रांधते ते. एखादं लेकरू येईन, पोळी मागीन. मी नाही म्हणणार नाही हं, आधीच सांगते.'

सिंधू, मी चार महिने त्या नकाशावर नाक टेकून बसलो आणि हे मला दिसलं नाही. त्या लोकांची गाडी मुळात बाहेर उघडते. रांधणारी बाई उघड्यावर उभी राहते आणि वाटेवरचा कुणीही येऊन ओट्याला हात लावू शकतो. त्यांच्यात बहुधा तेच चांगलं मानतात. कुणाची सावली पडू नये म्हणून मी जे स्वयंपाकघर बांधलं, त्याला एक भिंतही नाही.

आता दोन्ही बाजूंना कॅनव्हासचे पडदे लावायचे ठरवलं आहे. त्यासाठी चौकट, चौकटीसाठी झाकणाच्या बिजागऱ्या बदलायच्या. दोन महिने धर.

शालिकराम बिजागऱ्या काढत होता. मध्येच थांबला आणि म्हणाला, 'मास्तर, एक इचारू? लेकीच्या घरी चूल नाई का?' मी म्हटलं, आहे. 'मंग हे काहून करून राहिले तुमी?' मी बिजागऱ्यांचे स्क्रू मोजायला घेतले. त्याने रंधा पुसला, पिशवीत घातला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला, पण त्यानंतर कामापुरतंच बोलतो.

चिंतामण


अमरावती
६ मे १९६२

चि. सिंधू,

तुझं कार्ड आलं. 'आईची तब्येत कशी आहे ते खरं लिहा.' तुला कोणी काय सांगितलं कळत नाही. तिला थोडा ताप येतो. पायांवर सूज आहे, उन्हाळ्याने असेल. सोमवारचं कोंडेश्वर बंद केलं आहे. काळजीचं कारण नाही.

खुशालराव जीप घेऊन येऊन गेले. फाटकातूनच म्हणाले, 'चला मास्तर, जोडू काय?' पडद्यांच्या कड्या बसायच्या होत्या. मी म्हटलं, पंधरा दिवस. ते म्हणाले, पेरणी लागली की मग मी मोकळा नाही. मी म्हटलं, बघू.

तुझ्या आईने एका खणात सामान ठेवायला सुरुवात केली आहे. खालचा, डावीकडचा. मी विचारलं काय ठेवतेस, तर म्हणाली, प्रवासाचं. मी उघडून बघितलं नाही. तिचा खण आहे.

दुपारी झोपेत ती 'यशू, यशू' म्हणाली. जागी झाल्यावर विचारलं, यशू कोण? तर म्हणाली, स्वप्न पडलं होतं. आपल्या नात्यात या नावाचं कुणी नाही.

चिंतामण


अमरावती
२४ जून १९६२

चि. सिंधू,

मृगाने यंदा झोडपलं. गाडीवर ताडपत्री होती तरी ओल शिरली. समोरच्या फळ्या फुगल्या आणि पाच खण कसेबसे निघतात, सहावा, तुझ्या आईचा, निघत नाही. जोर केला तर मूठ हातात येईल. शालिकराम जे म्हणाला होता तेच झालं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

खण मोकळा झाला की निघू. तुझी आई बरी आहे.

चिंतामण


अमरावती
२ सप्टेंबर १९६२

सिंधू,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. त्याच्या मागच्या पत्रातलं 'काळजीचं कारण नाही' हेही. आता तुला सगळं माहीत आहे, पण ते माझ्या हातून लिहून झालं पाहिजे असं वाटतं. वाटतं असंही नाही. लिहितो.

एप्रिलमध्येच डॉक्टर म्हणाले होते, की मूत्रपिंडं गेली आहेत, चार महिने काढले तर पुष्कळ. मी तिला सांगितलं नाही, तुलाही कळवलं नाही. मनात हिशेब केला, की गाडी जूनमध्ये होते, चार महिन्यांत जाऊन येणं बसतं. मी आयुष्यभर मापात काम केलं आहे. मला ते बसतं असंच दिसत होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, 'अहो, राहू द्या ती पेटी. सिंधूला बोलवा.' ती गाडीला पेटीच म्हणायची. मी म्हटलं, आठ दिवसांत खण सुटतो, मग आपणच जाऊ. तू आलीस तर एकटी येणार नाहीस, तुझे यजमान येतील, डोमाजी येतील, आणि मग त्यांना घरात कुठे बसवायचं, पाणी कशात द्यायचं, मी त्याचा विचार करत होतो. बायको मरायला टेकली होती आणि मी तांब्याचा विचार करत होतो. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, तुला सांगतो.

ती पुन्हा म्हणाली नाही. बारा तारखेला सकाळी गेली. मी घाटावरून परत आल्यावर तुला तार केली.

तेरा तारखेला तुम्ही फाटकाशी उभे होतात. तू, कडेवर मुलगी, तुझे यजमान आणि तुझे सासरे. डोमाजींनी टोपी काढून हातात धरली होती. ते म्हणाले, 'मास्तर, आमी आत येत नाई. पोरीले तेवढं जाऊ द्या.' मी बाजूला झालो. एवढंच केलं. बाजूला होऊन मी आत या म्हणू शकलो असतो, दोन शब्द आहेत. तू मुलीला यजमानांच्या हाती दिलंस आणि आत येऊन दिव्याजवळ बसलीस. गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. तू तशीच उठून गेलीस. फाटकाबाहेर तिघं एवढा वेळ उन्हात उभे होते.

तुम्ही गेल्यावर मी काय केलं ते तुला ठाऊक नाही. गाडीपाशी गेलो आणि तो खण ओढत बसलो. मूठ खरोखर हातात आली.

मला अजून रडू आलेलं नाही. सकाळी उठतो, भात लावतो, भांडी घासतो, अंगणात झाडू मारतो. कुणी काही विचारलं तर उत्तर देतो. बधिर झालेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तसं आहे, दाढ आहे एवढं कळतं. तू उत्तर पाठवलं नाहीस तर मी समजेन.

चिंतामण


अमरावती
२० जानेवारी १९६३

सिंधू,

तुझं उत्तर आलं नाही आणि मी पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एक गोष्ट घडली आणि ती तुला विचारल्यावाचून इलाज नाही.

यंदा थंडी कोरडी पडली. काल गाडीवरची ताडपत्री झटकायला काढली. पावसाळ्यापासून झाकण उघडलं नव्हतं. उघडलं. मूठ गेलेली, म्हणून फळीच्या कडेला नुसतं बोट लावलं, तर खण सरकन बाहेर आला. लाकूड वाळून आकसलं होतं. सात महिने ज्याला पटाशी लावायचाही मला धीर झाला नाही, तो नुसत्या बोटाने आला.

आत एक कुंची होती, हिरव्या खणाची, तुझ्या आईनेच शिवलेली. एक दुपटं. आणि पितळेचा एक डबा. झाकण घट्ट बसलेलं. उघडला तर खडीसाखरेने काठोकाठ भरलेला. मला वाटलं आपलाच डबा. उलटा करून नाव बघितलं. तुझ्या आईच्या भांड्यांवर मी स्वतः नाव घालून आणलं आहे, कासाराने चारुशीलामधला 'शी' चुकवला होता. यावर तसं काही नव्हतं. 'मनकर्णा डोमाजी, अकोला' असं होतं.

तुझ्या सासूबाईंचा डबा माझ्या गाडीत, माझ्या खणात.

मी तो घेऊन गोदाबाईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. डबा बघितला आणि सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, 'भाऊजी, आमी कोंडेश्वराले एकदाच गेलो. मंग पाच सोमवार अकोल्याले गेलो. बडनेऱ्याहून सकाळच्या पॅशिंजरनं.' मी विचारलं, ती जेवली तिथे? तर म्हणाल्या, 'जेवली. दुसऱ्या खेपेले तर चुलीपाशी बसून तिनंच भाकरी थापल्या. मनकर्णाबाई नाई नाई म्हणत होती.' आणि चटणी? 'ती मनकर्णाबाईच्या हातची. या डब्यातूनच आणली. तुमी पोटभर खाल्ली म्हणून लई हासली ती.'

मी गोदाबाईंच्या ओट्यावर बसलो. तीन दिवस खाल्ली होती, सिंधू. चवीचं कौतुक केलं होतं. त्या घरचं पाणी नको म्हणून मी आठ गॅलनची टाकी लावत होतो, आणि त्या घरची चटणी माझ्या ताटात डाव्या बाजूला होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? गोदाबाई म्हणाल्या, 'ती म्हणे, त्याईले सांगितलं तर ते मले रोखतीन, अन् मंग मले त्याईचं ऐकावं लागीन. तेवढी पेटी होऊ द्या. पेटीत बसून का होईना, येतीन तर खरे.'

म्हणजे गाडी तिला नकोच होती. मी येईन म्हणून ती थांबली होती. नात तिने बघितलेली होती, मांडीवर घेतलेली होती. यशू म्हणजे तुझी मुलगी ना? मला तिचं नाव माहीत नाही. सतरा महिन्यांची झाली आणि मी कधी विचारलं नाही.

रस्ता मी तिचा अडवला असं समजत होतो. अडलेला मीच एकटा होतो. हे कळून मला हलकं वाटायला हवं. थोडं वाटलं. पण शेवटच्या आठवड्यात ती तुला बोलवा म्हणाली, तेव्हा तिला गाडीत बसता येत नव्हतं आणि मी बोलावलं नाही. ते कोणत्याही डब्याने फिटत नाही.

तू आधीपासून सगळं जाणत होतीस. 'रेल्वेने या' लिहिलंस तेव्हाही. खरं आहे ना, एवढं कळव.

नाना


अमरावती
३ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. सिंधू,

कार्ड पोचलं. या वेळी चार ओळी आहेत, मी मोजल्या. 'खरं आहे. आईने शपथ घातली होती. मुलीचं नाव यशोधरा. सासूबाई डब्याबद्दल विचारत होत्या, तो त्यांच्या आईने दिलेला आहे.'

शेवटच्या ओळीबद्दल मी तुझा आभारी आहे. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घेऊ नये आणि परत करताना रिकामं देऊ नये, एवढी रीत मलाही कळते. तू मला 'या' म्हणाली नाहीस. म्हणायलाच हवं असं नाही. पण डबा पोचता करणं मला भाग आहे, हे तू ओळखून लिहिलंस की सहज लिहिलंस, ते विचारत नाही.

गाडीचं काय केलं ते सांगतो. खुशालराव ट्रेलर घेऊन गेले, त्यांना सरकी वाहायला हवा होता. त्याआधी शालिकरामला बोलावलं आणि मागचं स्वयंपाकघर आख्खं सोडवून घेतलं. त्याने विचारलं नाही, खण फुगून अडल्याचं मीच सांगितलं. फाटकाशी तुम्हाला उभं ठेवलं तेही सांगितलं. तो एवढंच म्हणाला, 'माहीत हाये मास्तर. गावाले माहीत हाये.' मग आम्ही दोघांनी ते उचलून घरात आणलं आणि भिंतीशी ठेवलं. दिवाळीत रंगाऱ्याला मी पेन्सिलीच्या रेघेवरून चुना फिरवू दिला नव्हता. ओटा बरोबर रेघेला लागला, केसाचाही फरक नाही. खणांच्या कडा मी रंध्याने उतरवल्या. आता प्रत्येक खणाला नखभर जागा आहे, पावसाळ्यातही निघतील.

मी त्याच ओट्यावर रांधतो. मला तो बुटका पडतो, वाकावं लागतं, दुपारपर्यंत कंबर धरते. तिच्या मापाचा आहे. तू तिच्याच उंचीची आहेस. तुझ्या सासूबाईंची उंची मला ठाऊक नाही, पण त्या येतील तेव्हा माप घेईन आणि कमी पडलं तर खाली लाकडाच्या चकत्या घालीन. येतील का, ते तूच विचारून बघ. मी फाटकाशीच विचारायला हवं होतं.

तुझ्या सासऱ्यांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेऊन जात टाकली. त्या दिवशी टोपी काढून माझ्या दारात उभे होते ते माझ्यापेक्षा मोकळे होते, आणि मी उभा होतो दाराच्या आत. हे मी त्यांना तोंडावर सांगेन. जमलं नाही तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. श्रावणरावांनाही. आतापर्यंत नुसतं 'तुझे यजमान' लिहून त्यांचं नाव मी टाळत आलो, तेही त्यांच्या लक्षात येईल.

मला काय वाटतं असं कुणी विचारलं तर अजून सांगता येत नाही. काल डबा घासायला घेतला, चिंच लावली, आणि त्या नावातली अक्षरं एकेक करून उजळायला लागली, तेव्हा हात थांबला. डोळ्यांतून पाणी आलं. फार नाही, पण आलं.

येत्या रविवारी येतो. बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर. एकटा. बरोबर डबा, कुंची, दुपटं. कुंची आता यशोधरेला लहान होईल, तरी आणतो. डब्यातली खडीसाखर तुझ्या आईने भरली तशीच आहे, मी एक खडाही काढलेला नाही. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, विचारत विचारत येईन. फाटक असेल तर फाटकाशी थांबेन. आत घ्यायचं की नाही ते तुमच्यावर.

घरून पाणी घेणार नाही. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ उभी असते आणि फलाटावर नळ आहे, तिथेही उतरणार नाही. तहान घेऊन येतो आहे.

नाना